लेकरांना काय वाचून दाखवावे?

पालकसभा आटोपली की दोन-तीन माता दाराशी घुटमळतात. प्रश्न ठरलेला असतो : मूल पुस्तकाला हात लावत नाही, काय करावे? आम्ही उलट विचारतो, घरात त्याला कुणी वाचून दाखवते का? बहुतेक घरांतून एकच उत्तर येते, "अब तो तीसरी में गया ना, अब खुदच पढ़ना उसने."

दुखणे नेमके इथेच आहे. अलिफ-बे किंवा बाराखडी हाती आली की आपण वाचून दाखवणे बंद करतो. वास्तविक तिसरीतल्या मुलाचा डोळा अजून एकेक अक्षर जोडत असतो, पण त्याचा कान खूप पुढे गेलेला असतो. जे मूल बोट ठेवून कशाबशा पाच ओळी वाचते, तेच मूल अर्धा तास गोष्ट ऐकते, मध्ये शंका काढते, आदल्या दिवशी कुठे थांबलो ते अचूक सांगते. आता पुस्तक निवडताना आपण फक्त त्याच्या डोळ्याला झेपेल असे घेतले, तर त्याच्या वाट्याला सोपी, निर्जीव वाक्येच येतात आणि पुस्तक ही कंटाळवाणी वस्तू आहे असे त्याचे मत होऊन बसते. म्हणून आमचे सांगणे असे, की त्याने स्वतः वाचायचे पुस्तक वेगळे आणि आपण वाचून दाखवायचे वेगळे. दुसरे कानाच्या मापाने निवडावे.

आपल्या वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न आणखी गुंत्याचा आहे. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठेही जा, आपल्या घरात जे बोलले जाते ते ना पाठ्यपुस्तकातले उर्दू, ना पाठ्यपुस्तकातली मराठी. शाळेत उर्दू, बाजारात वऱ्हाडी, तहसील कचेरीत आणि भरतीच्या परीक्षेत प्रमाण मराठी. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतले हुशार लेकरू पुढे मराठी शाळेत जाते आणि शेवटच्या बाकावर गप्प बसते. ते मठ्ठ झालेले नसते. पुस्तकातली मराठी त्याने कधी मायेच्या आवाजात ऐकलेलीच नसते, ती पहिल्यांदा भेटते ती परीक्षेच्या कागदावर. म्हणून घरात वाचून दाखवायची पुस्तके निम्मी उर्दू आणि निम्मी मराठी असावीत, असा आमचा आग्रह आहे. अम्मीची मराठी अडखळती असली तरी हरकत नाही. अडखळत वाचणारी अम्मी पाहिली की लेकराची स्वतःची लाज जाते.

अगदी लहानांपासून सुरुवात करू. दोन ते चार वर्षांच्या लेकराला गोष्टीपेक्षा चित्र आणि सूर लागतो. पानावर एक-दोन ओळी, चित्र ठळक आणि ओळखीचे : बकरी, तवा, पलंग, पाऊस. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही छोटी पुस्तके या वयासाठी फार चांगली आहेत. घरातल्या एकेका माणसावर एकेक पुस्तक आहे. त्यातल्या 'आई'च्या जागी 'अम्मी' वाचण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरायला सांगतो. शेजारच्या घरात अम्मीला आई म्हणतात, हे लेकराला तीन वर्षांचे असतानाच कळले तर बरेच. उर्दूत इस्माईल मेरठी यांच्या गाय, पाणचक्की अशा विषयांवरच्या कविता आजही मुलांच्या तोंडी सहज बसतात.

आणि दादी, नानीला लिहिता-वाचता येत नसेल तर? तिच्या हातात चित्रांचे पुस्तक द्यावे. ती चित्र पाहून तिच्या बोलीत गोष्ट रचते, रोज थोडी वेगळी, आणि लेकरू तिला पकडते, "कल ऐसा नै बोले थे." पुस्तक उघडले की गोष्ट निघते, एवढे त्या वयात समजले की पुष्कळ झाले.

चार ते सात या वयात प्राण्यांच्या गोष्टी हव्यात. इथे काही घरांतून शंका येते, की जनावरे बोलतात हे खोटे आहे, मुलांना झूट कशाला शिकवायचे? या मंडळींना आम्ही 'कलीला व दिम्ना'ची आठवण देतो. आपल्या देशातले पंचतंत्र आधी पहलवी भाषेत गेले आणि आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा यांनी ते अरबीत आणले. ती दोन कोल्ह्यांची नावे शेकडो वर्षे मुस्लिम घरांत लाडकी होती. मौलाना रूमी यांनी 'मसनवी'त सिंह आणि सशाची गोष्ट तिथूनच घेतली. बोलणारा ससा म्हणजे खोटे नव्हे, हे मुलांना आपल्यापेक्षा आधी समजते.

दीनी गोष्टींतही वयाचा विचार करावा. कुरआनातल्या किती गोष्टींत पक्षी आणि प्राणी आहेत पाहा : हजरत सुलैमान (अ.) यांचे लष्कर येताना पाहून बाकीच्यांना सावध करणारी मुंगी, बातमी आणणारा हुदहुद, हजरत यूनुस (अ.) यांना गिळणारा मासा. पाच वर्षांच्या मुलाला या आधी सांगाव्यात. सीरत सुरू करतानाही आपण गजवांपासून कशाला करावे? छोट्या अबू उमैरची पाळलेली चिमणी गेली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिची आपुलकीने चौकशी केली, हा प्रसंग लेकराच्या मापाचाच आहे. हजरत यूसुफ (अ.) यांची गोष्ट मात्र आठ-नऊ वर्षांनंतर आणि हप्त्याहप्त्याने वाचावी. विहीर, काफिला, तुरुंग, दुष्काळ, प्रत्येक रात्री एक मुक्काम. भावांचा मत्सर समजायला घरात भांडलेले वय लागते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जत्रेत, उरुसात कबरीच्या अजाबाची भडक चित्रे असलेली स्वस्त पुस्तके मिळतात. ती झोपण्यापूर्वी लहान मुलांना वाचून दाखवू नयेत. भीतीने रडत झोपलेल्या लेकराला दीनची गोडी लागलेली आम्ही पाहिलेली नाही. तसेच 'सबक आमोज कहानियां'च्या शेवटी चौकटीत जो 'नतीजा' छापलेला असतो, तो वाचायचा सोडून द्यावा. गोष्ट चांगली असेल तर नतीजा मूल स्वतःच काढते, आणि तो बऱ्याचदा चौकटीतल्यापेक्षा वेगळा व चांगला असतो.

सात ते दहा हे वाचून दाखवण्याचे सर्वात भरघोस वय. घरात एकच पुस्तक घ्यायची ऐपत असेल तर ते ज्यात प्रेमचंदांची 'ईदगाह' आहे असे घ्यावे. प्रेमचंद उर्दू आणि हिंदी दोन्हींत लिहीत. चार-पाच वर्षांचा यतीम हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो. मित्र मिठाई खातात, मातीचा शिपाई, भिश्ती, वकील विकत घेतात आणि हा दादीसाठी लोखंडी चिमटा आणतो, कारण तव्यावरून पोळी काढताना तिची बोटे भाजतात. ही गोष्ट वाचताना मोठ्यांचा आवाज चिमट्यापाशी अडकतो. अडकू द्यावा. पण 'बघ, हमीद किती चांगला, आणि तू?' असे चुकूनही म्हणू नये. त्या क्षणी हमीद लेकराचा दोस्त उरत नाही, तो वर्गातला पहिला नंबर होतो. मुलांना खरी मजा कशात येते ठाऊक आहे? चिमटा खेळण्यांपेक्षा कसा भारी, हे हमीद मित्रांना पटवून देतो, त्या वादात. तो भाग दोनदा वाचावा लागतो.

दुसरी गोष्ट डॉ. झाकिर हुसैन यांची, 'अब्बू खां की बकरी'. जामिया मिल्लियाचे कुलगुरू आणि पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले हे गृहस्थ मुलांसाठी गोष्टी लिहीत, हे आपल्या मुलांना माहीतही नसते. अल्मोड्याच्या अब्बू खांची लाडकी बकरी चांदनी खिडकीतून निसटून डोंगरात जाते. रात्री लांडगा येतो. ती पहाटेपर्यंत लढते आणि मरते. झाडावरची पाखरे वाद घालतात, की जिंकले कोण? बहुतेक म्हणतात लांडगा, एक म्हातारी चिमणी म्हणते चांदनी. पाच वर्षांच्या मुलाला ही गोष्ट वाचली तर ते रडते आणि विचारते, अब्बू खां आला का नाही? त्याला स्वातंत्र्य वगैरे काही नको असते, बकरी घरी हवी असते. तीच गोष्ट नऊ वर्षांच्या मुलांत वाचली की वर्गाचे दोन तट पडतात आणि मधल्या सुटीतही वाद मिटत नाही. पुस्तक तेच, चांगलेच, पण चार वर्षे आधी उघडले तर वाया जाते. आमच्या मुली बहुधा म्हाताऱ्या चिमणीच्या बाजूने असतात, याची नोंद बापांनी घ्यावी.

याच वयात मराठीतून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुरू करता येतो. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा संकटात सापडला की तोंडाने 'ट्टॉक' करतो, आणि ते वाचणाऱ्याने नीट करून दाखवले पाहिजे, त्यात संकोच नको. नऊ-दहाच्या पुढे 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. एका शाळेने काढून टाकलेली मुलगी, रेल्वेच्या डब्यांत भरणारी दुसरी शाळा, आणि तिचे बोलणे चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. हे पुस्तक वाचून दाखवताना आम्हा शिक्षकांनाच मान खाली घालावी लागते.

'श्यामची आई' दहा ते तेराच्या वयात. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. एकेक प्रकरण म्हणजे एकेक रात्र, म्हणजे पुस्तकच वाचून दाखवण्यासाठी बेतलेले. त्यात सोवळे आहे, व्रते आहेत. मुले विचारतील, आपण सांगावे, की शेजारघरची रीत आहे. आईची माया समजून घ्यायला कुठला तर्जुमा लागत नाही. याच साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहून प्रेषितांचे (स.) चरित्र मराठी वाचकांपुढे ठेवले, हेही मुलांना जरूर सांगावे.

आता एक नाजूक बाब. मुलांसाठीच्या काही ऐतिहासिक मराठी पुस्तकांत मुसलमान हा फक्त दुष्मन म्हणून येतो. आपले आठ वर्षांचे लेकरू ते वाचून गप्प होते, आणि त्या गप्प होण्यात काय काय असते ते त्यालाही सांगता येत नाही. असे पुस्तक रागाने फेकून देण्याने काही साधत नाही, शाळेत ते भेटणारच. शिवरायांच्या गोष्टी मुलांना आवडतात आणि आवडाव्यात. पण ज्यात आरमारातला दौलतखान आहे, चिटणिशी पाहणारा काझी हैदर आहे, अशी पुस्तके शोधून घ्यावीत आणि इतिहासाची पाने मोठ्याने, आपल्यासमोर वाचावीत. हाच नियम उलट बाजूनेही लावावा. दुसऱ्या धर्माच्या माणसाची टवाळी करणारे उर्दू पुस्तकही घरात नको. काळी मुलगी, लठ्ठ मुलगा, सावत्र आई यांना हसणाऱ्या गोष्टींनाही तीच कात्री.

विकत घेताना दुकानात उभे राहून एक पान हळू आवाजात वाचून बघावे. जीभ तीनदा अडली, तर ते पुस्तक कितीही इनाम मिळालेले असो, वाचून दाखवायचे नव्हे.

पैशांचे काय, हाही प्रश्न येतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि उर्दू दोन्हींत चित्रकथा आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. पुष्कळदा एकच गोष्ट दोन्ही भाषांत सापडते. सोमवारी उर्दूत, मंगळवारी तीच मराठीत वाचावी. मुलाला गोष्ट ठाऊक असल्याने परकी भाषा आपोआप उलगडते. मात्र तिथे अनुवाद कुणीही करू शकतो, काही फार कच्चे आहेत, आधी स्वतः वाचून घ्यावे. मोबाईल मोठ्यांच्याच हातात राहावा, हे सांगायला नको. गावात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालय असेल तर तिथे मुलांची आणि उर्दू पुस्तके मागावीत, लेखी मागावीत. कुणी मागतच नाही, म्हणून ती येत नाहीत.

वेळ मगरिब आणि इशाच्या मधली, पंधरा मिनिटे. सोयाबीनच्या सोंगणीत माय-बाप थकून येतात, तेव्हा पाच मिनिटे. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तर विसाव्यांदा वाचावे.

बारा-तेराच्या पुढे पोरगा म्हणेल, मी काय लहान आहे का? तेव्हा बाजू बदलावी, त्याने वाचावे आणि घराने ऐकावे. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' यासाठी चांगले आहे, विशेषतः रामेश्वरमच्या बालपणाची प्रकरणे. पण आमच्या भागात सर्वात रंगते ते वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. गुलामीत जन्मलेला हा काळा माणूस पुढे टस्कीगीच्या शाळेत कृषिशास्त्र शिकवतो आणि वर्षानुवर्षे कापूसच घेऊन जमिनी थकल्या आहेत, भुईमूग लावा, रताळी लावा, असे गरीब शेतकऱ्यांना सांगत फिरतो. पोरगा हे वाचत असतो आणि खाटेवर आडवा झालेला बाप उठून बसतो. म्हणतो, जरा थांब, ते जमिनीचे परत वाच.