ब्रेकचे तेल आणि शोरूमचा सल्ला

वार्षिकांकासाठी साहित्य मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "तू कविता दे." कविता मला जमत नाही. मला माहिती आहे ती मोटारीच्या ब्रेकमधल्या तेलाची. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असल्या विषयावर लिहावे हे कुणाला चमत्कारिक वाटेल. पण आमच्या घरची चूल या तेलावर अवलंबून आहे. माझे वडील सात आसनांची भाड्याची गाडी चालवतात. गाडी कर्जाऊ आहे आणि हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो.

गाडी तीन वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी ती नेहमीप्रमाणे शोरूमच्या सर्व्हिसिंगला नेली. मीही सोबत होते. तिथल्या तरुण साहेबांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची छोटी टाकी दाखवली. "काका, तेल बघा कसं काळं पडलंय. बदलावंच लागेल." आणि त्याच दमात इंजिन आतून धुणे, एसीची फवारणी आणि गाडीला खालून लेप अशी आणखी तीन कामे कागदावर लिहिली. वडिलांनी खालची बेरीज पाहिली. आदल्या वर्षी असेच एक काम त्यांनी शब्दाखातर करून घेतले होते आणि पैसे फुकट गेल्याची त्यांची खात्री होती. ते म्हणाले, "साहेब, इंजिनाचं ऑइल तेवढं बदला. बाकीचं ऱ्हाऊ द्या." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्येंचं पोट आपल्या खिशावर चालतंय." मलाही ते तेव्हा अगदी पटले.

पुढे दोन महिन्यांनी ते कराडहून चिपळूणला लग्नाची माणसे घेऊन निघाले. गाडी भरलेली, टपावर सामान, मुहूर्ताची घाई. कुंभार्ली घाट त्यांनी वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरवला. पोफळी जवळ आली आणि पॅडल एकदम मऊ पडून खाली गेले. पुन्हा दाबले, तेच. त्यांनी गिअर खाली घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूने दगडमातीत घालून थांबवली. कुणाला खरचटलेही नाही. सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढची. अर्ध्या तासाने पाहावे तो ब्रेक पहिल्यासारखा! गावातल्या मिस्त्रींनी चाके काढून तपासली आणि सांगितले, "काय सुदिक झालेलं न्हाई."

खरोखर काहीच बिघडले नव्हते का? याचे उत्तर शोधताना मला शाळेतल्या पास्कलचा नियम आठवला. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पास्कल १६६२ मध्ये वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला. आपण पॅडल दाबतो तो जोर मास्टर सिलिंडरमधून याच नियमाने बारीक नळ्यांतून चाकापर्यंत जातो. द्रव दाबला जात नाही, म्हणून हे जमते. वाफ मात्र दाबली जाते. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पायाचा सगळा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो. हँडब्रेक आमच्या गाडीत तारेवर चालतो, त्याचा तेलाशी संबंध नाही. म्हणून तो लागला.

आता वाफ कुठून आली? ब्रेकचे 'तेल' हे खरे म्हणजे तेल नव्हेच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असते ते ग्लायकॉल वर्गातले रसायन, आणि त्याचा स्वभाव उघड्या बरणीतल्या मिठासारखा. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ते हवेतला ओलावा ओढत राहते. डब्यावर 'डॉट ३', 'डॉट ४' असे लिहिलेले असते. ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाची आद्याक्षरे. त्या मानकाप्रमाणे नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना डिस्क तापते, ती उष्णता पॅडमधून थेट तेलाला लागते. गाडी थांबल्यावर तेल निवते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पुरावा नाहीसा होतो. मिस्त्री खोटे बोलत नव्हते. त्यांनी थंड गाडी पाहिली.

मग शोरूमचे साहेब खरे ठरले म्हणायचे? इथेच गंमत आहे. त्यांचा सल्ला बरोबर होता, कारण चुकीचे होते. तेल रबराच्या झिजेने, उष्णतेने, जुनेपणाने काळवंडते. पण पाण्याला रंग नाही. दिसायला स्वच्छ असलेले तेलही ओलावा पिऊन निकामी झालेले असू शकते. ओलावा पाहण्यासाठी पेनासारखे यंत्र मिळते. ते तेलातून वीज किती वाहते यावरून अंदाज करते, म्हणून ते ढोबळ. नमुना प्रत्यक्ष उकळून पाहणारे यंत्र अधिक भरवशाचे. यंत्र नसेल तर वय पाहावे.

वय कुठे लिहिलेले असते? गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत. ती आमच्या गाडीच्या कप्प्यात तीन वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होती, कारण ती इंग्रजीत आहे. वडील सातवीपर्यंत शिकले. घाटातल्या त्या प्रसंगानंतर एका रात्री ती माझ्यापुढे टाकून ते म्हणाले, "वाच की. कालिजात जातीस न्हवं?" शब्दकोश घेऊन मी दोन तास बसले. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे असे तिथे स्पष्ट होते. (काही कंपन्या तीन वर्षे सांगतात, ज्याने त्याने आपली पुस्तिका पाहावी.) इंजिन आतून धुणे, फवारणी, लेप यांचा त्या तक्त्यात कुठेही उल्लेख नव्हता. म्हणजे चारांपैकी एक काम जिवाचे होते, आणि तीन नकोशा कामांच्या सोबतीला बसवल्यामुळे तेही आम्हांला लबाडीच वाटले.

अर्थशास्त्राच्या वाचनात मला या कोड्याचे नाव सापडले. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये लिहिले की काही मालाचा गुण घेण्यापूर्वी पाहून कळतो, काहींचा वापरून कळतो, आणि काहींचा वापरल्यावरही धड कळत नाही. तो विश्वासावरच घ्यावा लागतो. दुरुस्ती या तिसऱ्या वर्गातली. वांगे किडके निघाले तर भाजीवालीला दाखवता येते, पण न बदललेले ब्रेकचे तेल कुणाला दाखवणार? शिवाय रोग सांगणारा आणि औषध विकणारा इथे एकच. डॉक्टरांच्या बाबतीतही आपण हेच सोसतो.

आम्ही पुन्हा त्याच शोरूममध्ये गेलो. या वेळी मी तीन गोष्टी विचारल्या: डबा आमच्यासमोर फोडाल का, जुने तेल दाखवाल का, आणि चारही चाकांतून काढाल का? कारण वरच्या टाकीतले तेवढे उपसून नवे ओतले तर चाकापाशी, जिथे उष्णता जास्त तिथे, जुनेच राहते. साहेब थोडे चपापले, पण नाही म्हणाले नाहीत. एकाने पॅडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करायचा, असे चारही चाकांचे झाले. बाटलीत जमलेले तेल चहासारखे होते. मी रंगाचे विचारले तर ते हसून म्हणाले, "ताई, पाणी मुरलंय म्हटलं तर गिऱ्हाईक ऐकत नाही. काळं म्हटलं की ऐकतं."

आणखी एक त्यांनीच सांगितले. टाकीतली पातळी उतरली म्हणून वरून तेल ओतत राहू नये. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. ओतल्याने दोन्ही झाकले जाते.

बिल करताना त्यांनी सवयीने विचारले, "इंजिन फ्लश टाकू का, काका?" वडिलांनी पिशवीतून पुस्तिका काढून काउंटरवर ठेवली. "ह्यात कुठं हाय त्ये दावा." साहेबांनी पुस्तिका उघडली नाही; पेनाने ती ओळ खोडली. घरी आल्यावर वडिलांनी मला बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने तारीख लिहायला लावली, मराठी आकड्यांत, त्यांना वाचता येईल अशी मोठी.