शेजारचे शहर, दुसरा देश

जर्मनीतील आखेन गावी तांत्रिक शिक्षणाचे मोठे विद्यापीठ आहे. आपल्याकडची बरीच मुले तेथे शिकतात, आणि आता शेतकरी घरांतील मुलेही तिकडे जाऊ लागली आहेत. मुलगा किंवा मुलगी बोलावते म्हणून आईवडील तीन-चार आठवडे राहून येतात. अशा मंडळींनी एक दिवस राखून ठेवावा आणि मोटारीने शेजारची दोन शहरे पाहून यावी. आखेनहून मास्ट्रिख्त तीस-पस्तीस किलोमीटर, तेथून लिएज जवळपास तेवढेच आणि लिएजहून परत आखेन पन्नासच्या आसपास. तालुक्याला जाऊन बाजार करून परतावे, एवढाच हा फेरा. फक्त मास्ट्रिख्त नेदरलँड्समध्ये आहे आणि लिएज बेल्जियममध्ये.

सकाळी निघाल्यावर पहिला मुक्काम व्हाल्सच्या टेकडीवर करावा. आखेनला लागूनच हे डच गाव आहे. टेकडीची उंची जेमतेम ३२२ मीटर, आपल्याकडे तिला कुणी डोंगर म्हणणार नाही. पण माथ्यावर एक दगडी खांब आहे आणि तीन देशांच्या हद्दी तेथे मिळतात. खांबाभोवती एक प्रदक्षिणा घातली की तीन देश फिरून होतात! आपल्याकडे शिवेवर तीन गावांच्या हद्दी मिळतात, तसेच हे.

आज तेथे ना फाटक, ना शिपाई. पण ही हद्द नेहमीच अशी मोकळी नव्हती. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा याच वाटेने बेल्जियममध्ये शिरल्या आणि लिएजवर चालून गेल्या. पुढल्या वर्षी जर्मनांनी बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या हद्दीवर विजेचा प्रवाह सोडलेले तारेचे कुंपण घातले. पळून जाणारी कितीतरी माणसे त्या तारेला चिकटून मेली. मे १९४० मध्ये पुन्हा तेच सैन्य, तीच वाट. त्याच तीन देशांनी फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांना सोबत घेऊन १४ जून १९८५ रोजी शेंगेन या खेड्यात करार केला, आणि २६ मार्च १९९५ पासून हद्दीवरची नेहमीची तपासणी उठली. म्हणून शेंगेनचा एकच व्हिसा तिन्ही देशांत चालतो. अलीकडे मात्र सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून नेदरलँड्सने अधूनमधून गाड्या थांबवून कागद पाहणे पुन्हा सुरू केले. तेव्हा पासपोर्ट घरी कपाटात ठेवून जाऊ नये. गाडी भाड्याची असेल तर ती दुसऱ्या देशात नेणार हे आधी सांगून ठेवावे, आणि चालवणाऱ्याने आंतरराष्ट्रीय परवाना जवळ बाळगावा.

फाटक गेले तरी कायदा हद्दीलाच बदलतो. जर्मनीच्या महामार्गाच्या काही भागांवर वेगाला मर्यादाच नाही. बेल्जियममध्ये ती १२० आहे. नेदरलँड्समध्ये बहुतेक महामार्गांवर दिवसा १०० च. या शंभरामागे शेतीचा संबंध आहे. गोठ्यांतून आणि खतांतून हवेत जाणारा नत्र जंगलांवर व माळांवर उतरून तेथील वनस्पती बिघडवतो, म्हणून तेथील न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारला अडवले. जनावरे कमी करण्याची भाषा निघाली, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले. मोटारीच्या धुरातूनही नत्र जातो, म्हणून मार्च २०२० पासून मोटारींनाही लगाम घातला. एकट्या शेतकऱ्यावर बोजा नको, हे निदान तेवढ्यापुरते तरी मानले गेले.

पाट्यांकडे नीट लक्ष द्यावे. आखेनलाच डच लोक आकेन म्हणतात आणि फ्रेंचमध्ये त्याचे नाव एक्स-ला-शापेल. लिएज म्हणजे डचमध्ये लाउक आणि जर्मनमध्ये ल्यूटिख. हे ठाऊक नसेल तर फाटा हुकतो.

मास्ट्रिख्तमध्ये मास नदीवरचा जुना दगडी पूल पाहून दक्षिणेला लागावे. हीच नदी फ्रेंच बोलणाऱ्या लिएजमध्ये म्यूज होते. वाटेवर आइस्डेन आणि व्हिसे ही दोन गावे लागतात, एक डच आणि एक बेल्जियन. १८४३ मध्ये दोन्ही देशांनी नदीचा मध्य हीच हद्द ठरवली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालाच्या बोटी सरळ जाव्यात म्हणून नदीची वळणे कापली. नदी सरकली, हद्द होती तेथेच राहिली. बेल्जियमची काही जमीन डच काठाला चिकटली आणि डचांची थोडी बेल्जियमच्या काठाला. नदीकाठच्या शेतकऱ्याला यापुढचे सांगायला नको. मळईची जमीन पलीकडे गेली की काय होते, ते त्याने पाहिलेले असते.

बेल्जियमच्या पोलिसांना आपल्याच जमिनीवर जायचे तर परक्या देशातून जावे लागे, नाहीतर होडी काढावी लागे. साहजिकच नको ते लोक तेथे जमू लागले. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन्ही राजांच्या उपस्थितीत करार झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून नवी हद्द लागू झाली. बेल्जियमने सुमारे १६ हेक्टर दिले आणि सुमारे ३ हेक्टर घेतले. जास्त कुणाचे गेले यावर दोन्ही देशांत भांडण पेटले नाही. तेथे कुणाचे घर नव्हते, कुणाचे पीक उभे नव्हते, म्हणून हे सोपे गेले, हेही खरे. पण आपल्याकडे वीतभर बांध कोरल्यावरून तिसरी पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढते, तेव्हा ते १६ हेक्टर आठवतात.

लिएजहून परतताना महामार्ग सोडून हेर्व्हच्या पठारावरून यावे. हिरवी कुरणे, कुंपणाच्या झाडोऱ्याची आखीव चौकटी, दुभत्या गायी आणि मधूनमधून सफरचंद-नासपतीची झाडे. येथील चीज उग्र वासाचे असते, आपल्या मंडळींना ते रुचेलच असे नाही. पण फळांचा पाक जरूर चाखावा. नासपती आणि सफरचंदे कित्येक तास शिजवतात, पिळून रस काढतात आणि तो काळसर दाट होईपर्यंत आटवतात. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासाला काकवी आठवते. हा पाक बेल्जियममध्ये होतो, डच लिम्बुर्गमध्ये होतो आणि जर्मनीच्या ऱ्हाइन भागातही. पावाला लावून तिन्हीकडे खातात. घरी आणायचा असेल तर डबा मोठ्या पेटीत ठेवावा. हातातल्या पिशवीत ठेवला तर बहुतेक विमानतळांवर तो काढून घेतात.