नोंद तिच्या नावाची

दिवाळी झाली की आमच्या कोल्हारच्या आसपास उसाच्या फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. बीड, पाथर्डीकडची माणसं ऊसतोडीला येतात, ती उन्हाळा लागेपर्यंत. बचत गटाच्या कामामुळे माझं तिथं जाणं-येणं असतं. गेल्या हंगामात लहान मुलांच्या लसीकरणासाठी यादी करत होते. एका बाईला नाव विचारलं. ती हसून म्हणाली, "माझं कशाला ताई? मुकादमाच्या वहीत यांचंच आहे. आम्ही दोघं मिळून एक कोयता."

नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण लग्न झाल्यापासून ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव त्या वहीत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.

घरी आल्यावर मॉरिशसबद्दल वाचलेलं आठवलं. तिथंही आपली माणसं उसासाठीच गेली होती. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, तेव्हा तिथल्या ऊसमळेवाल्यांना मजूर हवे होते. म्हणून 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर माणसं नेली गेली. 1920 पर्यंत जवळजवळ 5 लाख मजूर त्या बंदरात उतरले. बहुतेक जण बिहार, उत्तर प्रदेश आणि दक्षिणेकडचे. पण मुंबई बंदरातून कोकणातली मराठी कुटुंबंही गेली. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथं आहे. घरात बोली क्रिओल, पण गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी! मराठी मंडळांनी कोकणातलं जाखडी नृत्य 'झाकरी' म्हणून जपलंय. शाळेत मराठी शिकायची सोय आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली नोंदवही. जहाजातून उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा. मग नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा असं सगळं लिहिलं जाई. पुढे फोटोही काढू लागले. बाईची नोंदही वेगळी, तिच्या स्वतःच्या नंबरावर. हे काही प्रेमापोटी नव्हतं हं! मजूर पळाला तर धरता यावा म्हणून होतं. पण पुढच्या पिढ्यांनी त्याच कागदांचं सोनं केलं. मोका इथं 1970 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरं सांभाळून ठेवली आहेत. पणजीचा नंबर सापडला, की तिचं गाव सापडतं. ज्या बंदरावर ही माणसं उतरली, त्या 'आप्रवासी घाटा'ला युनेस्कोनं 2006 मध्ये जागतिक वारसा ठरवलं. 2 नोव्हेंबरला त्यांच्या आठवणीची सुट्टी असते.

अशी जपणूक सरकारनंच करायला हवी असंही नाही. 1908 मध्ये 'कासातो मारू' जहाजातून 781 जपानी माणसं कॉफीच्या मळ्यांत कामाला ब्राझीलला गेली. पुढे आणखी पुष्कळ गेली. त्यांच्या वंशजांनी सांस्कृतिक संस्था काढली आणि 1978 मध्ये साओ पाउलो शहरात आपल्या स्थलांतराचं संग्रहालय उभं केलं. पूर्वजांचे कागद, फोटो, शेतातली अवजारं, घरातल्या रोजच्या वस्तू, सारं तिथं आहे. त्यात राजेमहाराजे नाहीत, मजुरी करणारे आई-बाप आहेत. नातवंडांना त्यांची लाज वाटली नाही, हेच मोठं.

आणि आपण? सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. आमच्या शेजारच्या प्रवरानगरला तर त्याची सुरुवातच झाली. त्या इतिहासात ऊस तोडणाऱ्या बाईचं पान कुठंय? आता ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं देण्याचं सरकारनं ठरवलंय, ते चांगलंच आहे. पण ओळखपत्र म्हणजे आठवण नव्हे. पहाटे तीनला उठून भाकरी थापणं, तान्ह्या बाळाला पाचटावर झोपवून मोळ्या बांधणं, हे कुठल्या कार्डावर येणार?

म्हणून आमच्या गटानं एक साधी शंभर पानी वही घेतली. परवानगी घेऊन एकेकीचं नाव, माहेर, पहिल्यांदा कोयता कधी हातात घेतला, ते लिहायचं. लिहायला फार वेळ लागत नाही, ऐकायला लागतो. मैत्रिणींनो, तुमच्याही गावात वीटभट्टीवर, बांधकामावर अशा बाया येतात. एक वही तुम्हीही करा.

त्या बाईकडे मी पुन्हा गेले. आधी लाजली. मग नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. मी वही मिटत होते, तर म्हणाली, "थांबा ताई, माझ्या आईचंबी लिहा. तिनंबी ऊसच तोडला."