लग्नाचा झगा

महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत नवरीच्या मुख्य वस्त्राला कात्री लागत नाहीं. मामानें आणलेली पिवळी अष्टपुत्री असो, बनारसी शालू असो कीं येवल्याची पैठणी असो, मागावरून उतरतें तसेंच तें वस्त्र नवरीच्या अंगावर येतें. नवरी लठ्ठ कीं रोड, उंच कीं ठेंगणी, हा सर्व हिशेब निऱ्या आपल्या पोटांत घेतात. म्हणूनच आईचा शालू लेकीला होतो आणि पुढें नातीलाहि होतो. शिंप्याकडे जाते ती फक्त चोळी.

पाश्चात्त्य देशांतील वधूची, आणि वसईच्या व गोमंतकाच्या ख्रिस्ती समाजांतील अनेक वधूंचीहि, गोष्ट निराळी आहे. तेथें वधूला झगा लागतो, आणि झगा म्हणजे एका विशिष्ट अंगाचें वस्त्र. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनें १८४० सालीं आपल्या विवाहांत पांढरा साटिनचा झगा घातला आणि त्यानंतर पांढऱ्या रंगाची चाल हळूहळू पसरत गेली. त्यापूर्वीं बहुतेक वधू आपला जो उत्तम पोशाख असेल, मग त्याचा रंग कोणताहि असो, त्यांतच लग्नाला उभ्या राहत. तयार झगे आतां दुकानांत हवे तितके मिळतात. तरीहि एखाद्या शिवणाऱ्या बाईकडे जाऊन अंगाबरहुकूम झगा करवून घेण्याची हौस मावळलेली नाहीं. या हौसेसाठीं जें द्रव्य मोजावें लागतें तें नक्की कशाचें, हें कळण्यास मात्र काम पहिल्यापासून पाहिलें पाहिजे.

आरंभ मापापासून होतो. छाती, कंबर, उंची हीं मापें कोणीहि घेईल. पण कसलेली बाई याहून पुष्कळ अधिक पाहते. एक खांदा दुसऱ्यापेक्षां किंचित उतरता असतो, कोणाची पाठ थोडी वांकलेली असते, कोणी उभी राहतांना एका पायावर भार देते. झग्याची कड जमिनीपासून किती वर राहावी हें टाचेच्या उंचीवर ठरतें. म्हणून लग्नांत घालावयाचा जोडाच पायांत चढवून वधूला उभें करावें लागतें. जोडा मागाहून बदलला तर कडेचें काम पुन्हां करावें लागतें, आणि त्याबद्दल बोल शिवणारीलाच लागतो.

मापें झालीं कीं लगेच रेशमाला हात घालावयाचा, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. पहिला झगा मांजरपाटाचा होतो. तो वधूच्या अंगावर चढवून टाचण्यांनीं एके ठिकाणीं आवळतात, दुसऱ्या ठिकाणीं सैल सोडतात, पेन्सिलीनें खुणा करतात. मग सगळे टांके उसवून तेच तुकडे कागदावर पसरून बेत काढतात. हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? तर रेशमाचा, विशेषतः टॅफेटा नांवाच्या कडक आणि सळसळणाऱ्या रेशमाचा, स्वभाव क्षमाशील नाहीं. सुईचें भोंक त्यांत राहून जातें, आणि पाण्याचा थेंब पडला तर डाग उठतो. चूक व्हावयाची ती मांजरपाटांत होऊन गेलेली बरी.

त्यानंतर बेतणें. कापडाचा उभा धागा कोठें धरावा, आडवा कोठें, उरेब कोठें, यावर झगा अंगावरून कसा उतरेल हें ठरतें, आणि एकदां कात्री चालली म्हणजे तो निर्णय फिरत नाहीं. शिवण्यांतहि डोळ्यांना दिसणारा भाग थोडा. आंत अस्तर असतें, छातीला आकार देणाऱ्या अरुंद पट्ट्या असतात, आणि कमरेभोंवतीं आंतून एक घट्ट फीत बांधलेली असते. सगळ्या घेराचें ओझें तिच्यावर राहतें. ही फीत नसली तर जड घेर खांद्यांना खालीं ओढतो आणि वधू दिवसभर झगा सांवरीत बसते. मधून मधून वधूला बोलावून कच्च्या टांक्यांचा झगा अंगावर चढवून पाहावा लागतो तो निराळाच.

गिऱ्हाइकाला कापड दिसतें, कारण कापडाचा भाव वारावर ठरलेला असतो. लागलेला वेळ, चुकीचें भय आणि तारखेची हमी यांचा भाव कोठें लिहिलेला नसतो. लग्नाची तारीख तर टळत नाहीं. ठरलेल्या मजुरींत हें सगळें कोण सोसतें, हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५३ सालीं शिवल्या गेलेल्या एका झग्यावरून चांगलें दिसून येतें.

त्या वर्षीं १२ सप्टेंबर रोजीं ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट गांवीं जॅकलिन बुव्हिए या तरुणीचा विवाह सेनेटर जॉन केनेडी यांच्याशीं झाला. हेच केनेडी पुढें १९६१ सालीं राष्ट्राध्यक्ष झाले. वधूचा झगा आणि करवल्यांचे झगे करण्याचें काम न्यूयॉर्कमधील ॲन लो या कृष्णवर्णीय बाईंकडे होतें. लोबाईंचा जन्म दक्षिणेकडील अलाबामा संस्थानांत झाला. त्यांची आजी गुलामगिरींत जन्मलेली. आजी आणि आई दोघीहि धनिक स्त्रियांचे झगे शिवीत. उरलेल्या रेशमी चिंध्यांचीं फुलें करण्याचा छंद लोबाईंना लहानपणींच जडला, आणि तींच फुलें पुढें त्यांच्या कामाची खूण ठरलीं. १९१४ सालीं आई वारली तेव्हां गव्हर्नरच्या पत्नीसाठीं घेतलेलें काम अर्धवट पडलें होतें. तें सोळा वर्षांच्या या मुलीनें पुरें केलें. पुढें न्यूयॉर्कच्या एका शिवणविद्यालयांत त्यांना प्रवेश मिळाला, परंतु वर्णामुळें इतर विद्यार्थिनींपासून दूर, एकटें बसून शिकावें लागलें.

वधूच्या झग्याला ५० वार टॅफेटा लागला. नऊवारी लुगड्यांच्या हिशेबानें पांच लुगडीं होऊन वर पांच वार उरतील, इतकें हें कापड. चोळीवर बारीक चुण्यांच्या पट्ट्या एकींत एक गुंफलेल्या, खालीं फुगीर घेर, घेरावर चुण्यांचीं मोठमोठीं वर्तुळें आणि मेणाचीं इवलींशीं फुलें. वधूच्या मनांत याहून साधा झगा होता, असें मागाहून पुष्कळांनीं लिहिलें आहे. यांत नवल नाहीं. घालणारी एक, पैसे देणारा दुसरा आणि मत देणारे दहा, हा प्रकार सगळ्याच लग्नांतला. शिवणारीला या सर्वांतून एकच झगा काढावयाचा असतो.

लग्नाला दहा दिवस उरले असतां लोबाईंच्या कारखान्यांतला पाण्याचा नळ फुटला. पंधरांपैकीं दहा झगे नासले, आणि त्यांत वधूचाहि होता. त्या एका झग्यावर सुमारें दोन महिने खर्चीं पडलेले होते. लोबाईंनीं कापड नव्यानें विकत आणलें आणि रात्रीचा दिवस केला. वधूचा झगा बेतण्यास दोन दिवस लागले, शिवण्यास तीन. दोन महिन्यांचें काम पांच दिवसांत झालें तें केवळ हात भरभर चालले म्हणून नव्हे. घेर किती, चुणी कोठें, वधूचा खांदा कसा, हे निर्णय आधींच झालेले होते, आणि निर्णय पाण्यानें भिजत नाहींत. या कामांत ७०० डॉलर सुटतील असा लोबाईंचा अंदाज होता. उलट २२०० डॉलर पदरचे गेले. वधूच्या घरीं त्यांनीं यांतलें अवाक्षर कळविलें नाहीं. वाढीव रक्कम मागितली असती तर ती मिळालीहि असती. पण तारीख पाळूं न शकणारी बाई म्हणून नांव झालें असतें, आणि कृष्णवर्णीय बाईला तें नांव पुसून काढणें त्या काळीं सोपें नव्हतें.

झगे घेऊन त्या स्वतः न्यूपोर्टला गेल्या. तेथें त्यांना नोकरचाकरांच्या मागील दारानें येण्यास सांगण्यांत आलें. पुढल्या दारानें येऊं देणार नसाल तर झगे परत नेतें, असें त्यांनीं उत्तर दिल्याचें सांगतात. झगे पुढल्या दारानेंच आंत गेले.

न्यूयॉर्क टाइम्सनें वधूच्या पोशाखाचें वर्णन तपशिलानें छापलें. तो कोणीं केला हें त्यांत नव्हतें. १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकानें तो एका कृष्णवर्णीय शिंपिणीनें शिवल्याचें लिहिलें, मात्र नांव दिलें नाहीं. तेव्हां लोबाईंनीं केनेडीबाईंना पत्र पाठवून आपलें दुःख कळविलें. आपण झग्यांची रचना करणाऱ्या आहोंत आणि तशाच ओळखल्या जाव्या, एवढीच त्यांची मागणी होती. ती मानीपणाची वाटेल; परंतु मांजरपाटापासून कमरेच्या फितीपर्यंतचा विचार ज्या डोक्यांतून निघाला, त्याला केवळ सुई चालविणारा हात म्हणून हिशेबांत धरणें हें कोणत्याहि दृष्टीनें अपुरेंच होतें.

हिशेब ठेवण्याची कला मात्र लोबाईंना साधली नाहीं. खर्चापेक्षां कमी दरानें झगे देण्याची संवय त्यांना भोंवली, आणि १९६३ सालीं त्यांचें दिवाळें निघालें. काचबिंदूनें एक डोळा गेला, तरी काम चालूंच होतें. १९८१ सालीं त्या निवर्तल्या. न्यूपोर्टचा तो झगा बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संग्रहांत आहे. रेशीम जुनें झाल्यानें तो आतां फार नाजूक झाला आहे. म्हणून २०२३ सालीं डेलावेअर संस्थानांतील विंटरथर संग्रहालयानें लोबाईंच्या झग्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें तेव्हां त्याची प्रतिकृति नव्यानें शिवून मांडण्यांत आली. प्रदर्शनाला नांव लोबाईंचेंच दिलें होतें.