‘दिसत नाही’ म्हणजे ‘खराब आहे’ का?

मागच्या भागात आपण अनुमान पाहिलं. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?” म्हणून आज अगदी रोजचा प्रश्न घेऊ. नवी हार्ड डिस्क आणली, कॉम्प्युटरला जोडली आणि ती दिसतच नाही. मग ती खराब निघाली, असं म्हणायचं का?

या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं ठेवायला आम्ही बर्डीवरून २ टीबीची डिस्क आणली, तेव्हा हेच झालं. दुकानदार म्हणाले, “तुमचा कॉम्प्युटर जुना आहे.” दुरुस्ती करणारे म्हणाले, “डिस्कच गेली आहे.” दोघांनीही तपासलं काहीच नव्हतं.

गौतमांच्या न्यायसूत्रांत संशयाची कारणं दिली आहेत. त्यांतलं एक म्हणजे विप्रतिपत्ती, एकाच गोष्टीबद्दल दोन परस्परविरुद्ध मतं. दुसरं, अनुपलब्धीची अव्यवस्था. म्हणजे असं की, वस्तू नसेल तर दिसत नाहीच, पण असूनही कधी कधी दिसत नाही. आपल्या डिस्कला दोन्ही लागू पडतात. ‘दिसत नाही, म्हणून खराब’ यातला हेतू सव्यभिचार आहे, कारण चांगली डिस्कसुद्धा न दिसू शकते.

म्हणून पहिला प्रश्न: दिसत नाही, पण कुठे? तीन ठिकाणी बघायचं. कॉम्प्युटर सुरू होताना बायॉसमध्ये, मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये, आणि शेवटी आपण फाइली उघडतो तिथे. पहिल्या दोन ठिकाणी आहे आणि तिसऱ्या ठिकाणी नाही, तर बहुधा डिस्क फक्त कोरी आहे. तिच्यावर अजून भाग पाडलेले नाहीत, फॉरमॅट झालेलं नाही. तेवढं केलं की ती दिसू लागते. आमचं तसंच झालं. मात्र एक सावधगिरी. जिच्यावर आधीचा मजकूर आहे अशा डिस्कसाठी विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं, तर ‘हो’ म्हणायचं नाही.

आकाराची तक्रारही अशीच. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ४ टीबीच्या डिस्कवर २ टीबीच वापरता येत असेल, तर भाग पाडताना एमबीआर ही जुनी पद्धत निवडली गेली असणार. जीपीटी निवडली की प्रश्न मिटतो.

आता बायॉसमध्येच दिसत नसेल, किंवा आमच्यासारखं पुढे कॉपी करताना मध्येच अडकत असेल, तर? इथे अन्वय-व्यतिरेक लावायचा. कारण असेल तिथे कार्य, कारण नसेल तिथे कार्य नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात फरकाची रीत सांगितली, तीही जवळपास हीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबल, मग पोर्ट, मग वीजजोडणी, शेवटी दुसरा कॉम्प्युटर. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तर चाललं कशामुळे ते कधीच कळणार नाही. आम्ही फक्त केबल बदलली, अडकणं थांबलं. मग जुनी, चांगली चालणारी डिस्क त्याच जुन्या केबलला लावली, तर तीही अडकू लागली. आता केबलवर दोष ठेवायला आधार मिळाला.

डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्यायचा. हा आकडा पुन्हा शून्य होत नाही, म्हणून तो अजून वाढतो आहे का तेवढं पाहायचं. रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर नव्या डिस्कवर दिसू लागले, तर मात्र दोष डिस्कचाच धरा आणि ती परत करा. टकटक आवाज येत असेल तर प्रयोग थांबवा.

पण नोंदवही स्वच्छ आहे म्हणून डिस्क चांगली, असं उलटं अनुमान चालत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या नोंदीत, तापमान सोडलं तर, कुठलाच इशारा नव्हता. व्याप्ती एकाच दिशेने आहे, हे लक्षात ठेवावं.

आपल्या नागपूरकरांसाठी एक जादा मुद्दा. काही पोर्टेबल ड्राइव्हच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात दुपारी आपल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत किती असतं, ते सांगायला नको. अशा वेळी ड्राइव्ह अडकला तर संध्याकाळी थंड खोलीत पुन्हा बघा, मग निकाल द्या.

हे सगळं पहिल्या काही दिवसांतच करायचं, कारण दुकानात बदलून देण्याची मुदत थोडी असते. बिल जपून ठेवा. कोऱ्या डिस्कवर एकदा सगळीकडे लिहून-वाचून घेणारी चाचणी लावा. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला, तर २ टीबी भरायलाच पावणेचार तास लागतात, वाचायला तितकेच आणखी. वेळ लागू द्या.

आणि चाचणीत पास झालेल्या डिस्कवरही एकुलती एक प्रत ठेवू नका. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते. आईचा आवाज, नातवाचे फोटो, वीस वर्षांच्या टिपणांचं हस्तलिखित, हे बदलून मिळत नाही. आमच्या ध्वनिमुद्रणांतले काही वक्ते आता हयात नाहीत. म्हणून जुन्या डिस्कवरची प्रत आम्ही पुसलेली नाही, आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवली आहे.

पुढच्या भागात हेत्वाभासांचे बाकीचे प्रकार पाहू.