रिकामी टाकी अधिक घातक

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना गळकी इंधनटाकी कापून जोडण्याचा मोह होतो. टाकी रिकामी असली की धोका टळला, हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. द्रवरूप पेट्रोल स्वतः जळत नाही. जळते ती त्याची वाफ. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. रिकाम्या टाकीत असे मिश्रण सहज जमते. हवेहून जड असलेली वाफ सांध्यांत रेंगाळते. म्हणून वापरलेल्या टाकीला वेल्डिंग करण्यापेक्षा नवी घडवणे श्रेयस्कर. तीत छिद्रांचे आडपडदे असावेत. त्यामुळे वळणावर इंधन एका बाजूस लोटले जात नाही आणि पंप हवा ओढत नाही. टाकी बसवण्यापूर्वी सांध्यांची गळतीचाचणी अनिवार्य मानावी.