स्टेशनभोवतीचं वर्तुळ : भोपाळचे तीन जुने धडे

भोपाळमध्ये सध्या 'टीओडी' हा शब्द फार ऐकू येतो. अर्थ साधा आहे. मेट्रो किंवा रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात जास्त मजले, जास्त घरं आणि दुकानं बांधू द्यायची, म्हणजे लोकांना गाडी काढावी लागणार नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या धोरणात हे अंतर 500 ते 800 मीटर धरलंय. त्यासाठी चटईक्षेत्र, म्हणजे इकडचा एफएआर, वाढवून मिळतो.

कल्पना चांगलीच आहे. पण स्टेशनभोवती दाटी होणं आपल्या गावाला नवं नाही. शाहजहान बेगमांच्या काळात, 1884 मध्ये, इटारसीकडून रेल्वे आली आणि तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत हळूहळू बाजार, सराया, चाळी उभ्या राहिल्या. पुढे स्टेशनपासून जवळच कीटकनाशकांचा कारखाना आला. वस्ती वाढतच राहिली. शेजारी काय आहे, हे कोणी विचारलं नाही. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री गॅस पसरला तो याच दाट मोहल्ल्यांत आणि थेट फलाटावर. हा पहिला धडा.

दुसरा धडा नव्या भोपाळचा. 1956 मध्ये राजधानी इथे आली, तेव्हा नागपूरहून बदली झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांबरोबर माझे आजोबाही आले. त्यांना मिळालं ते बैठं सरकारी क्वार्टर. पुढे अंगण, मागे आंबा. घरं विरळ, म्हणून सगळी अंतरं लांब. आजी म्हणायची, "भाजी आणायची तर अर्धा दिवस जातो!" विरळ वस्तीचीही किंमत असतेच की.

तिसरा धडा ताजा आहे. 2016 मध्ये शिवाजी नगर–तुलसी नगरचे क्वार्टर पाडून स्मार्ट सिटी उभारायचं ठरलं. झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकल्प टी. टी. नगरला गेला. 2024 मध्ये त्याच भागात मंत्री-आमदारांच्या नव्या निवासस्थानांचा बेत आला, तोही विरोधामुळे मागे घ्यावा लागला. दोन्ही वेळा झाडांचा हिशेब आधी लोकांनी मांडला.

डिसेंबर 2025 मध्ये सुभाष नगर ते एम्स मेट्रो सुरू झाली. हा पट्टा बहुतेक नव्या शहराचा. पुढचा टप्पा मात्र जमिनीखालून भोपाळ स्टेशन आणि नादरा बस स्टँडला जातो, जुन्या शहराच्या अगदी उंबऱ्याशी. तिथे मंगळवारा, जुमेराती ही वारांची नावं अजून जिवंत आहेत आणि वस्ती आधीच दाट, पायी फिरण्याजोगी आहे. तिथे मजले वाढवून मिळणार काय? जाणार मात्र जुने दरवाजे, लाकडी सज्जे आणि भाड्याने राहणारी माणसं.

म्हणून मला वाटतं, सरसकट एकच वर्तुळ आखू नये. नव्या शहरात मजले वाढवा, पण झाडं मोजून. जुन्या शहरात आधी नोंद करा. ते काम आपल्या मंडळाचं आहे. एका रविवारी नादऱ्यापासून 800 मीटर चालू या, वही घेऊन.